कालबाह्य रकान्यांचे वाचन : मुरबाड-शहापूरच्या सातबारा उताऱ्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी याच गडाच्या परिसरात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सिद्धगडाची नोंद आहे ती या घटनेमुळे. परंतु या डोंगराच्या पायथ्याशी आणखी एक इतिहास लिहिला गेला आहे. तो तलाठ्याच्या दप्तरात, रकान्यारकान्यांतून, बहुधा बोरूने व नंतर शाईच्या लेखणीने लिहिला गेला. भातखाचर कोणाचे, वरकस कोणाचे, कसतो कोण आणि खंड घेतो कोण, हे त्यात नोंदविले आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, आगरी आणि कुणबी कुटुंबांचे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील लिखित अस्तित्व पुष्कळदा एवढेच आहे.

या दप्तरातील अनेक रकाने आज कालबाह्य समजले जातात. ज्या कायद्याने ते निर्माण केले तो कायदा रद्द झाला, ज्या हक्काची नोंद त्यात होत असे तो हक्क संपला, किंवा ज्या मापात आकडे लिहिले जात ते माप बदलले. तरीही रकाना उताऱ्यावर राहिला. काही ठिकाणी तो कोरा आहे, काही ठिकाणी भरलेला आहे, तर काही ठिकाणी कंस केलेला आहे. अशा रकान्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कालबाह्य रकाना आणि निरर्थक रकाना या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर तिची किंमत दुर्बल खातेदाराला मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कालबाह्य रकाना : संगणकशास्त्रातील एक समांतर उदाहरण

हा प्रश्न केवळ महसुली दप्तराचा नाही. जेथे जेथे नोंदी दीर्घकाळ एकाच नमुन्यात ठेवल्या जातात तेथे तेथे तो उद्भवतो. संगणकशास्त्रात त्याचे एक स्वच्छ उदाहरण सापडते. बँका, विमा कंपन्या यांच्या महासंगणकांवर, म्हणजे मेनफ्रेमवर, चालणारी 'डीबी टू' ही माहितीसाठा प्रणाली आयबीएम कंपनीने १९८३ साली जाहीर केली. या प्रणालीत साठविलेल्या तक्त्यांची माहिती ठेवणारे वेगळे तक्ते असतात. त्यांना कॅटलॉग तक्ते म्हणतात. गावातील सर्व जमिनींची यादी ठेवणाऱ्या आकारबंदाशी त्यांची तुलना करता येईल.

या कॅटलॉगमध्ये एखाद्या तक्त्यात किती ओळी आहेत हे सांगणारा 'कार्ड' नावाचा रकाना होता. त्यात सुमारे २१४ कोटींपेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. साठे वाढले तेव्हा जुना रकाना न काढता त्याच्या जोडीला 'कार्डएफ' हा नवा रकाना देण्यात आला. जुन्या रकान्यासमोर माहितीपुस्तिकेत 'वापरात नाही' एवढाच शेरा उरला. रकाना काढून का टाकला नाही? कारण आधीच्या काळात लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या त्याच्या नावाचा उल्लेख करीत होत्या. रकाना नाहीसा झाला असता तर त्या बंद पडल्या असत्या.

या उदाहरणातील दुसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगाची आहे. 'कार्डएफ' या रकान्यात शून्य असेल तर तक्त्यात एकही ओळ नाही असा अर्थ होतो. उणे एक असेल तर मोजणीच झालेली नाही असा अर्थ होतो. 'नाही' आणि 'पाहिले नाही' यांतील भेद तेथे आकड्यानेच सांगितला आहे. आपल्या महसुली दप्तरात तो इतक्या काटेकोरपणे सांगितलेला नाही. 'निरंक' हा शब्द, आडवी रेघ आणि नुसती कोरी जागा या तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात आढळतात, आणि वाचणारा त्या तिन्हींचा अर्थ 'काही नाही' असाच घेतो. अनर्थाचा आरंभ येथे होतो.

नमुन्याची घडण

सातबारा हा एक दस्त नसून दोन नमुन्यांची जोडणी आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. या नमुन्यांच्या तळाशी किमान चार थर आहेत.

पहिला थर मोजणीचा. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिर केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती ठाणे जिल्ह्यात आली. त्यापूर्वी कोकणपट्टीच्या या भागात न मोजलेल्या तुकड्यावर एकठोक सारा ठरविणारी हुंडाबंदी, आणि डोंगराळ मुलखात नांगरावर आकारणी, अशा पद्धती होत्या. मोजणीने त्यांच्या जागी सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि आकार हे तीन आकडे आणले. म्हणजे 'आकार' हा रकाना जुन्या रकान्यांना कालबाह्य करूनच जन्माला आला.

दुसरा थर हक्कांचा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाचा मुख्य हेतू सारावसुली हा होता. जमिनीवर कोणाचे कोणते हक्क आहेत याची स्वतंत्र नोंदवही १९०३ च्या कायद्याने सुरू झाली व १९१३ साली ती मूळ अधिनियमात समाविष्ट करण्यात आली. गावपातळीवरील नमुन्यांना अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेने शिस्त लावली. तिचे नाव महसूल खात्यात आजही घेतले जाते.

तिसरा थर कूळकायद्याचा. १९३९ व १९४८ च्या कायद्यांनी कुळाचे नाव आणि खंड यांना कायदेशीर वजन आले. चौथा थर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला आणि १९७१ च्या नियमांनी आजचा नमुना निश्चित झाला. या अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून रकान्यात काय लिहिले आहे हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही.

चार रकाने, चार प्रकारचे आयुष्य

(१) जुडी : हक्क संपला, खूण उरली. इनाम जमिनीवर पूर्ण आकाराऐवजी जो सवलतीचा सारा घेतला जाई तो जुडी होय. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, वैयक्तिक इनामे १९५२ च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर 'जुडी किंवा विशेष आकारणी' या रकान्यात नवे काही लिहिण्याचे फारसे प्रयोजन उरले नाही. परंतु जुन्या उताऱ्यावरील जुडीचा आकडा ही जमीन एकेकाळी इनाम अथवा वतन होती हे सांगतो. वतन नष्ट झाल्यावर ती कोणत्या अटीवर परत दिली गेली, ती भोगवटादार वर्ग दोनमध्ये का आहे, तिच्या हस्तांतरास परवानगी का लागते, या प्रश्नांचा धागा त्या आकड्यापाशी सापडतो. 'न. अ. श.', म्हणजे नवीन अविभाज्य शर्त, या संक्षेपाचेही तसेच. ही संज्ञा जुन्या अधिनियमातील आहे. शर्त मात्र वर्ग दोनच्या रूपाने पुढे चालू राहिली.

(२) आकार : झोपलेला रकाना पुन्हा जागा होतो. उदाहरणादाखल एक कल्पित उतारा घेऊ. क्षेत्र २ एकर २० गुंठे, आकार रु. ३-१२-०. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून आली तेव्हा बारा आण्यांचे पंचाहत्तर पैसे झाले. पुढे एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले आणि क्षेत्र सुमारे १ हेक्टर १ आर झाले. आज या जमिनीच्या किमतीपुढे पावणेचार रुपयांचा आकार हा हास्यास्पद अवशेष वाटतो. परंतु कूळकायद्याच्या कलम ४३ मध्ये २०१४ साली दुरुस्ती झाली. कुळाने जमीन खरेदी करून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून, पूर्वपरवानगीशिवाय, ती विकण्याची मुभा मिळाली. आपल्या कल्पित उताऱ्यात ही रक्कम दीडशे रुपये येते. एकोणिसाव्या शतकातील मोजणी अधिकाऱ्याने मातीचा कस पाहून बसविलेल्या प्रतवारीतून आलेला आकडा एकविसाव्या शतकातील व्यवहाराची गुरुकिल्ली ठरला. आकाराचा रकाना २०१३ साली निरुपयोगी म्हणून वगळला असता तर २०१४ साली काय झाले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

(३) कूळ व खंड : कोरेपणाचे तीन अर्थ. १९३९ च्या कायद्याने सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास संरक्षित कुळाचा दर्जा दिला. जुन्या उताऱ्यांवर 'सं. कू.' हा संक्षेप येतो तो याचा. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, या दिवशी कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले आणि कलम ३२ग खाली किंमत ठरविण्याची कार्यवाही सुरू झाली. एवढ्यावरून हा रकाना १९५७ नंतर कालबाह्य झाला असे म्हणता येईल का? येत नाही. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कुळाचा खरेदीहक्क लांबणीवर पडत असे. अशा जमिनींवर कूळ दशकानुदशके 'इतर अधिकार' या सदरात राहिले.

येथे कोरा रकाना तीन गोष्टी सांगू शकतो. एक, जमिनीवर कूळ कधीच नव्हते. दोन, कूळ होते, ते मालक झाले आणि नाव भोगवटादाराच्या सदरात गेले. तीन, कूळ होते, पण त्याचे नाव कधी लिहिलेच गेले नाही. तोंडी बोलीवर, पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्या आदिवासीच्या बाबतीत तिसरी शक्यता नेहमी मनात ठेवावी लागते. तिघांतील भेद सातवरून कळत नाही. त्यासाठी बाराकडे वळावे लागते. तेथे 'जमीन करणाऱ्याचे नाव' आणि 'रीत' असे दोन रकाने होते. मालक खुद्द कसतो की अन्य प्रकारे, हे 'रीत' आकड्याने सांगे. साताच्या कोऱ्या जागेला बाराची रीत विसंगत असेल तर अभ्यासकाने तेथे थांबले पाहिजे.

(४) ए. कु. मॅ. आणि अ. पा. क. : संक्षेपात दडलेली माणसे. 'एकत्र कुटुंब मॅनेजर' आणि 'अज्ञान पालनकर्ता' हे दोन संक्षेप भोगवटादाराच्या नावापुढे येतात. अज्ञान मूल सज्ञान होऊन म्हातारे झाले तरी 'अ. पा. क.' राहिलेला दिसतो. एकत्र कुटुंब विभक्त झाले तरी 'ए. कु. मॅ.' राहिलेला दिसतो. वरवर पाहता हे दोन्ही शेरे केवळ आळसाचे स्मारक आहेत. तथापि 'ए. कु. मॅ.' याचा अर्थ असा की लिहिलेला इसम एकटा धनी नाही, त्याच्यामागे न लिहिलेले भाऊ आणि बहिणी आहेत. मुलींना सहदायादाचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या व देशात २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्या हक्काचा माग काढणाऱ्या बहिणीला ही तीन अक्षरे मोलाची आहेत. शेरा काढताना मागची नावे घातली तर नोंद दुरुस्त होते. नुसताच काढला तर एकाची मालकी पक्की होते आणि इतरांचा पुरावा जातो.

डोंगराकडची विशेष स्थिती

सिद्धगडाच्या पायथ्याला या चार रकान्यांना आणखी दोन संदर्भ जोडावे लागतात. पहिला वनाचा. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर पालापाचोळा, फांद्या आणि गवत हवे. ते वरकस जमिनीतून येई व त्याच उतारावर नाचणी-वरी होई. वरकस म्हणजे पडीक नव्हे. खाचराला जगविणारी ती दुसरी जमीन होय. कागदावर मात्र तिचा आकार नगण्य आणि पिकाचा रकाना बहुधा कोरा. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने संपादन कायदा लागू झाला आणि अशा अनेक जमिनींच्या इतर अधिकारात वनाची नोंद आली. काही नोंदींचा आधार १९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली निघालेल्या, पण पुढे कोणतीही कार्यवाही न झालेल्या नोटिसा हा होता. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात अशा शिळ्या नोटिसेवरून जमीन आपोआप वन ठरत नाही असा निर्णय दिला. तो खटला मुंबई उपनगरातील जमिनीचा व मोठ्या कंपनीचा होता. त्याचे तत्त्व मात्र लहान खातेदारालाही लागू पडते : नोंद अस्तित्वात आहे एवढ्यावरून ती जिवंत आहे असे ठरत नाही.

दुसरा संदर्भ आदिवासी जमिनीचा. १९७४ चा जमीन प्रत्यर्पण कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे झालेल्या हस्तांतराचा विचार करतो. म्हणजे संपूर्ण दावा फेरफाराच्या एका तारखेवर तोलला जातो. नावाला कंस झाला, पण कंसाशेजारचा फेरफार क्रमांक वाचता येत नाही, अशा उताऱ्यावर न्याय अडून राहतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनीही गॅझेटियर, मोजणीचे अहवाल, अधिकार अभिलेख, पट्टे यांना पुरावा मानले आहे. वनजमिनीवर वर्षाच्या मुदतीने दिलेल्या एकसाली प्लॉटची जुनी नोंद ही अशा दाव्यात वृद्धांच्या जबानीला आधार देणारी गोष्ट ठरू शकते. शासनाच्या दृष्टीने ती नोंद मुदत संपताच मेली. कसणाऱ्याच्या दृष्टीने तो येथे होता हे सांगणारी ती साक्ष आहे.

पुनर्लेखन, संगणकीकरण आणि वगळणूक

नोंद नाहीशी होण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला पुनर्लेखनाचा. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. कंस केलेली नावे नव्या पानावर घेतली जात नसत. कामाच्या सोयीसाठी ते योग्यच होते. परंतु जुने पान जीर्ण झाले की साखळीचा एक दुवा तुटे.

दुसरा मार्ग संगणकीकरणाचा. संगणकात मुख्यतः चालू स्थिती भरण्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले आणि तलाठ्याच्या दारातील खेपा कमी झाल्या, हा लाभ निर्विवाद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याच्या नमुन्यात बदल झाले. कमी केलेली नावे कंसात दाखविण्याऐवजी आडव्या रेघेने खोडून दाखवावीत, जुने फेरफार क्रमांक शेवटी एकत्र द्यावेत, असे ठरले. हे बदल वाचकाला साहाय्यक आहेत. त्याच वेळी बिनशेती जमिनीच्या उताऱ्यातून जुडी व विशेष आकारणी, तसेच कूळ व खंड हे रकाने वगळण्यात आले. घर बांधलेल्या जमिनीवर कुळाचा रकाना कशाला, हा युक्तिवाद बरोबर वाटतो. पण नागरीकरणाच्या रेट्यात बिनशेती झालेल्या जमिनीवर पूर्वी कोणी कूळ होते का, हा प्रश्न नेमका अशाच ठिकाणी उपस्थित होतो. उत्तरासाठी आता जुन्या उताऱ्याकडेच जावे लागते.

तिसरा मार्ग मोहिमेचा. २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेण्यात आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा पहिला टप्पा. पुढच्या टप्प्यात अ. पा. क., ए. कु. मॅ., तगाई, बंडिंग बोजे अशा कालबाह्य नोंदी कमी करणे अभिप्रेत आहे. फिटलेल्या तगाईचा बोजा उताऱ्यावर राहून खातेदाराचे कर्ज अडत असेल तर तो काढलाच पाहिजे. प्रश्न काढण्याचा नाही. काढण्यापूर्वी वाचण्याचा आहे.

येथे मेनफ्रेमच्या उदाहरणाचे मोल ध्यानात येते. तेथे जुना रकाना टिकला, कारण त्याचे नाव घेणाऱ्या आज्ञावल्या बंद पडल्या असत्या तर त्याची झळ मोठ्या ग्राहकांना तत्काळ लागली असती. आपल्याकडे जुन्या रकान्याचे नाव घेणारा असतो एखादा कूळवारस किंवा एखादी बहीण. तो रकाना गेल्याने काम अडते, पण त्याची घंटा कोठेही वाजत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून कालबाह्य रकान्याच्या वाचनासाठी पुढील सूत्रे मांडता येतील.

१. प्रत्येक रकान्याला दोन तारखा असतात : ज्या कायद्याने तो आला ती आणि ज्या कायद्याने त्याचे प्रयोजन संपले ती. नोंद या दोहोंच्या आतली की बाहेरची, हे प्रथम पाहावे.

२. कोरी जागा, आडवी रेघ आणि 'निरंक' यांना एकच अर्थ देऊ नये. 'नाही' आणि 'पाहिले नाही' यांत भेद करावा व दुसऱ्या नमुन्याशी ताडून पाहावे.

३. कंस किंवा खोडरेघ हा अंत नसून निर्देश आहे. तो ज्या फेरफाराकडे बोट दाखवितो तो वाचल्याशिवाय अर्थ पूर्ण होत नाही.

४. आज निरुपयोगी वाटणारा आकडा उद्याच्या कायद्यात परत येऊ शकतो. आकाराचे उदाहरण याला पुरेसे आहे.

५. चालू उताऱ्यावरून नोंद कमी करणे आणि अभिलेखातून ती नष्ट होणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत. पहिले करताना दुसरे घडणार नाही याची काळजी घ्यावी. जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा उपलब्ध करून देण्याचे काम ठाण्यासह काही जिल्ह्यांत झाले आहे. त्याचा विस्तार होणे हे इतिहासाच्या आणि न्यायाच्या दोहोंच्या हिताचे आहे.

ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र, विधी आणि संगणकशास्त्र या विभागांना हे काम एकत्र करता येण्याजोगे आहे. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत जुना उतारा घडी करून ठेवलेला असतो. तो वाचायला शिकविणे हे इतिहासाच्या अध्यापनाचेच अंग आहे. सिद्धगडावर दोघांनी प्राण दिले त्याची नोंद स्मारकावर आहे. खाली खाचरात राबणाऱ्यांची नोंद एका रकान्यात आहे, आणि तो वाचणारा कोणी असेपर्यंतच ती टिकणार आहे.